ताजमहाल सगळ्यात आधी बघू नका

प्रश्न थोडक्यात असा होता: पाच दिवस दिल्ली-आग्रा करायचंय, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि नऊ वर्षांचा मुलगा, स्वतः शाळेच्या सहलीत ताज बघितलाय पण "पाय भाजले एवढंच आठवतंय", आणि आता मुघल इमारती नीट बघायच्या तर नक्की काय बघायचं, कारण एकतर लाल दगड नाहीतर पांढरा दगड, सगळं सारखंच दिसतं, आणि गाईड घ्यावा का.

मी जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करतो, मुख्यतः चुन्याचं, पंचवीसेक वर्षं झाली, आणि बहुतेक हिवाळ्यांत आर्किटेक्चरच्या मुलांना घेऊन ही फेरी असतेच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळं सारखं दिसतं याचं माझ्या मते एकच कारण आहे, आपण उलट्या क्रमाने बघतो. आग्र्याला उतरलं की पहिला ताज, मग दमलेल्या पायांनी किल्ला, मग वेळ उरला तर सिक्री, आणि दिल्लीला विमानाच्या आधी दोन तास आहेत म्हणून हुमायूनची कबर. म्हणजे शेवटचं पान आधी वाचायचं आणि मग म्हणायचं की कादंबरीत दम नाही. या इमारती ज्या क्रमाने बांधल्या गेल्या साधारण त्या क्रमाने बघा, म्हणजे आजोबाने काय केलं, मुलाने त्यातलं काय ठेवलं, नातवाने काय फेकून दिलं हे आपोआप दिसायला लागतं, कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही. क्रम असा आहे: हुमायूनचा मकबरा, फतेहपूर सिक्री, सिकंदरा, इतिमाद-उद-दौला, ताज, लाल किल्ला. प्रवासाच्या सोयीसाठी एखाददुसरं पुढेमागे झालं तर काही बिघडत नाही, पण ताज शेवटाकडे आणि हुमायून पहिला, यात तडजोड करू नका.

वार आधी बघा. ताज शुक्रवारी बंद असतो, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. हसू नका, माझ्या पहिल्या फेरीत मी स्वतः बावीस मुलांना घेऊन शुक्रवारी सकाळी आग्र्यात हजर होतो. त्या दिवशी नाइलाजाने यमुनेच्या पलीकडच्या इमारती बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी ताज, आणि मुलांच्या वह्यांमधली स्केचेस बघितल्यावर कळलं की चुकून क्रम बरोबर लागला होता. तेव्हापासून मुद्दाम तसंच करतो.

आता हुमायूनचा मकबरा. 1560 च्या दशकात काम सुरू झालं, 1570 च्या सुमारास संपलं, वास्तुकार मीरक मिर्झा घियास, इराणी परंपरेतला माणूस. आत शिरल्यावर सरळ मकबऱ्याकडे धावू नका, उजव्या हाताला इसा खानची अष्टकोनी कबर आहे, 1547 ची, सूर घराण्याच्या काळातली, म्हणजे हुमायूनच्या मकबऱ्याच्या आधीची. ती बघा दहा मिनिटं. बुटकी, जमिनीला धरून बसलेली, भोवती ओसरी, वर छत्र्या, म्हणजे खांबांवर उभे केलेले छोटे घुमट. मग बाहेर या, पश्चिमेच्या दरवाज्यातून आत जा आणि समोर बघा. मधे दोन-अडीच दशकं गेलीत फक्त, आणि इमारत अचानक उभी राहिलीये. जवळजवळ दोन मजली घराएवढा चौथरा, त्यावर मधोमध मोठी कमान, आणि सगळ्यावर पांढरा घुमट, कळसापर्यंत साधारण 47 मीटर.

तो घुमट एवढा उंच कसा जमला तर तो दुहेरी आहे, टोपीवर टोपी. बाहेरून दिसतो तो वेगळा, आत उभं राहून वर बघता ते छत वेगळं आणि बरंच खाली, दोन्हींच्या मधे पोकळी. बाहेरच्या घुमटाला लांबून दिमाखात दिसायचंय, आतल्याला खोलीच्या मापात राहायचंय, एकाच कवचात दोन्ही जमत नाही, कारण एवढा उंच घुमट आतून बघितला तर विहिरीत उभं राहिल्यासारखं वाटेल. आत गेल्यावर मुलाला विचारा, बाहेरचा घुमट एवढा उंच होता, मग छत इथेच कसं संपलं. नऊ वर्षांची मुलं हे पटकन पकडतात, मोठ्यांना वेळ लागतो.

आत कबर अगदी साधी आहे, आणि लोक "काही नाहीये आत" म्हणून दोन मिनिटांत बाहेर पडतात. थांबा. पश्चिमेकडची जाळी शोधा. संगमरवराच्या त्या जाळीत मिहराबची बाह्यरेषा कोरलेली आहे, फक्त रेषा, आतला भाग जाळीच. एरवी मिहराब म्हणजे भिंतीतला भरीव कोनाडा, नमाजाची दिशा दाखवणारा. इथे भिंतच काढून टाकली आणि दिशा दाखवायचं काम उजेडाला दिलं. दुपारनंतर गेलात तर ऊन त्यातून आत येतं आणि फरशीवर सरकत राहतं.

आणि हो, मिहराब म्हणजेच आपली महिरप. गणपतीच्या मखराला लावतो ती. शब्दही तिथूनच आला आणि आकारही. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या इमारतीचं गच्ची-छत गळू नये म्हणून विसाव्या शतकात वरून काँक्रीटचे थर टाकत गेले. चुन्याची इमारत श्वास घेते, भिंतीत मुरलेलं पाणी चुन्यातून हळूहळू बाहेर पडतं, वर सिमेंटचं झाकण बसलं की ते आतच कोंडतं आणि गिलावा फुगतो, दगडाला खार फुटतो, वर वजन वाढतं ते वेगळंच. आगा खान ट्रस्ट आणि पुरातत्त्व खात्याने मिळून जे मोठं काम केलं, 2013 मध्ये पुरं झालं, त्यात छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट हाताने काढलं. हाताने म्हणजे छिन्नी-हातोड्याने, मशीन लावलं असतं तर हादऱ्यांनी खालचं काम गेलं असतं. मग पुन्हा चुना घातला. घाणीत म्हणजे दगडी चाकाखाली दळलेला चुना, विटांचा चुरा, आणि जुन्या गवंड्यांच्या रीतीने त्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी असलं काय काय. आमच्याकडे वाड्यांच्या कामात चुन्यात गूळ घालतो म्हटलं की मालक अजूनही आमच्याकडे संशयाने बघतात. असो.

दिल्लीत तासभर जास्तीचा असेल तर जवळच अब्दुर रहीम खानेखानांचा मकबरा आहे, दोह्यांवाले रहीम. त्यांनी तो 1598 मध्ये आपल्या बायकोसाठी बांधला होता. हुमायूनच्या मकबऱ्याचं धाकटं भावंडं वाटावं असा, पण ओरबाडलेला, कारण अठराव्या शतकात सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी इथले दगड काढून नेले. आता बराच सावरलाय, पण त्या उघड्या पडलेल्या भागामुळेच तो बघण्यासारखा आहे, दगडाच्या खाली काय असतं ते तिथे दिसतं. बऱ्याच जणांना वाटतं या इमारती अख्ख्या दगडाच्या. तसं नसतं, आतमधे विटा किंवा ओबडधोबड दगड आणि भरपूर चुना, वर कातीव दगडाची पाटी चढवलेली.

फतेहपूर सिक्रीला सकाळीच जा, आग्र्याहून चाळीसेक किलोमीटर. पार्किंगपाशी "जाळीत धागा बांधा, चादर चढवा" म्हणत लोक मागे लागतील, नम्रपणे नाही म्हणा आणि आधी राजवाड्याच्या भागात शिरा, दर्गा नंतर. अकबराने 1571 पासून हे शहर उभं केलं आणि 1585 ला तो लाहोरला निघून गेला. पाणी संपलं म्हणून सोडलं असं सगळे सांगतात, पाण्याचा त्रास असेलही, पण वायव्य सरहद्दीवरचं राजकारण तापलं होतं आणि बादशहा जिथे तिथे राजधानी, हे कारण मला जास्त पटतं.

इथे वाड्यात वाढलेल्या किंवा निदान वाडा बघितलेल्या माणसाला एक फायदा आहे. हुमायूनच्या मकबऱ्यात सगळी कमानींची भाषा होती. सिक्रीत कमानी कमी, आणि जिकडे बघावं तिकडे खांब, खांबावर तुळई, तुळईखाली तिला आधार देणारे कोरीव हस्त, वर पुढे आलेला छज्जा. म्हणजे लाकडाचं काम, फक्त दगडात. तिथला लाल दगड मऊ, आणि कारागीर गुजरात-राजस्थानकडचे, त्यांनी सुतारासारखा दगड वापरलाय. जिला तुर्की सुलतानाचं घर म्हणतात त्या छोट्या खोलीच्या भिंतींवर नाक टेकेल इतक्या जवळून बघा (हात लावू नका), झाडं, द्राक्षांचे वेल, जंगल, सगळं इतकं बारीक की दगड आहे हे विसरायला होतं.

पंचमहालात 176 खांब आहेत, खाली 84, मग 56, 20, 12 आणि टोकाला 4. आकडे पाठ करायचे नाहीत, पण खालच्या मजल्यावरचे खांब एकेक करून बघा, शेजारशेजारच्या खांबांची नक्षी बदलते. कारागिरांना मोकळीक दिली होती की काय असं वाटत राहतं. आणि दिवाण-ए-खास म्हणतात ती इमारत: बाहेरून दुमजली वाटते, आत गेलात की एकच उंच खोली, मधोमध एक खांब, वर जाताना तो 36 ब्रॅकेटनी फुलून येतो आणि त्याच्या डोक्यावरून चार कोपऱ्यांकडे चार पूल जातात. बादशहा त्यावर बसायचा का, काय करायचा यावर विद्वानांची भांडणं चालू आहेत, आपण खाली उभं राहून मान दुखेपर्यंत वर बघायचं.

एक गोष्ट इथे मुद्दाम करा. जे नाही ते डोळ्यासमोर आणा. या इमारती आज रिकाम्या आणि कडक दिसतात कारण अर्धं सामान गेलंय. कापड गेलंय. दरबाराच्या काळात खांबांच्या मधे जाड पडदे असायचे, अंगणावर शामियाने ताणलेले, खाली गालिचे, वाळ्याच्या ताट्या भिजवून लावलेल्या, हौदात पाणी. छज्ज्याखाली जिथे दोऱ्या अडकवायच्या कड्या दिसतील तिथे थांबा आणि मनातल्या मनात त्यातून कापड ताणून बघा. खोली एकदम बदलते. आमच्या मुलांना मी तिथे स्केचमधे पडदे काढायला लावतो, सुरुवातीला कंटाळा करतात, मग थांबत नाहीत.

दर्ग्याच्या बाजूला सलीम चिश्तींची पांढरी समाधी आहे, छज्ज्याखाली सापासारखी वळणं घेतलेले तोडे आणि अशा जाळ्या की आतून बाहेर बघताना वाटावं लेसचा पडदा आहे. जाळी तुकडे जोडून केलेली नसते, एकाच पातळ पाटीतून कोरलेली असते, एक घाव चुकीचा बसला की पाटी बाद. बुलंद दरवाजा बघायचा तर आतून नको, बाहेर पडा, पायऱ्या उतरा आणि खालून वर बघा, तो खालच्यासाठीच बांधलाय. पण पायऱ्या खूप आणि उंच आहेत, आईबाबांना आतच थांबवा.

सिकंदरा, अकबराचा मकबरा, 1613 मध्ये जहांगीरच्या काळात पुरा झाला. इमारत मला स्वतःला थोडी विस्कळीत वाटते, खाली भक्कम, मधे छत्र्यांचे मजले आणि वर एकदम उघडा पांढरा चौक, जणू तिघांनी वेगवेगळं काम केलं. पण दक्षिणेचा दरवाजा अप्रतिम. लाल दगडात पांढरे, काळे, पिवळसर तुकडे बसवून केलेली भूमितीची नक्षी, आणि वर चार पांढरे मनोरे. हे मनोरे लक्षात ठेवा, दरवाज्यावरचे हेच मनोरे पुढे कुठे जाऊन उभे राहतात ते दोन दिवसांत दिसेल. दरवाज्यावरची अक्षरं ज्याने लिहिली तो अब्दुल हक शिराझी, त्यालाच पुढे अमानत खान ही पदवी मिळाली आणि ताजवरची अक्षरंही त्याचीच. बागेत काळवीट चरत असतात, मुलगा खूश.

आता यमुनेच्या पलीकडे इतिमाद-उद-दौला. याला सगळे रिक्षावाले "बेबी ताज" म्हणतात आणि मला दरवेळी राग येतो, कारण हा आधीचा आहे. नूरजहानने वडिलांसाठी बांधला, 1622 ते 1628. छोटी, चौकोनी, दागिन्यांच्या पेटीसारखी इमारत, चार कोपऱ्यांत चार बुटके मनोरे, वर मोठा घुमट नाहीच, एक जाळीदार बंगला बसवलाय. पण मुघलांनी लाल दगड बाजूला ठेवून अख्खी मोठी कबर पांढऱ्या संगमरवरात मढवली आणि त्यात रंगीत दगड जडवले, ते इथे.

पच्चीकारी म्हणतात त्या कामाला. संगमरवरात खाच खणायची, नेमक्या त्या आकाराचा रंगीत दगड घासून त्यात बसवायचा, मग सगळं एकत्र घासून सपाट करायचं. बोट फिरवलं तर सांधा लागत नाही असं म्हणतात (पुन्हा सांगतो, फिरवू नका, लोकांच्या घामाने संगमरवर काळवंडतो). काय जडवलंय तेही बघा: सुरई, पेले, डाळिंबं, फुलदाण्या, आणि सुरूची झाडं. सुरूचं झाड म्हणजे ते उभं, निमुळतं, ज्योतीसारखं. पेशवाई वाड्यात लाकडी खांबांना आपण सुरूचे खांब म्हणतो ना, खाली फुगीर आणि वर निमुळते होत जाणारे, त्यांची वंशावळ इकडूनच येते. आमच्याबरोबर एकदा वाईकडची मुलगी होती, ती म्हणाली सर हे तर आमच्या आजोळच्या माजघरात आहे. बरोबर आहे तिचं.

इथे गर्दी कमी असते, नदीकाठी सावलीत बसायला जागा आहे, आईबाबांना सगळ्यात जास्त हेच आवडेल असं मी आत्ताच सांगून ठेवतो. तिथूनच संध्याकाळी मेहताब बाग, ताजच्या बरोबर समोर, नदीच्या याच काठावर. काळ्या ताजची दंतकथा इथलीच, की शहाजहानला इथे आपल्यासाठी काळा ताज बांधायचा होता. उत्खननात निघाला तो मोठा अष्टकोनी हौद, काळा ताज नाही, चांदण्यात ताजचं प्रतिबिंब बघायला केलेली बाग ती. इथून ताजची मागची बाजू दिसते, म्हणजे आपण मागची म्हणतो, होडीतून येणाऱ्या बादशहासाठी तीच पुढची. खालची लाल भिंत बघा, नदीला लागून. एवढं वजन नदीच्या गाळाच्या काठावर उभं आहे, आणि पाया म्हणून खाली विहिरी खणून त्या दगड-चुन्याने भरल्यात. वरच्या फुलापानांइतकंच मला त्या न दिसणाऱ्या विहिरींचं कौतुक आहे, किंबहुना जास्तच.

मग चौथ्या दिवशी ताज, सूर्योदयाला दार उघडतं तेव्हा. डिसेंबर-जानेवारीत जात असाल तर धुक्यात काहीच दिसणार नाही अशीही सकाळ येते, तेव्हा परत फिरू नका, दहा-अकरापर्यंत धुकं हळूहळू उठतं आणि तो प्रकार फार सुंदर असतो. फेब्रुवारी किंवा दिवाळीनंतरचे दिवस सगळ्यात बरे. मे महिन्याच्या सुट्टीत नका जाऊ, पुन्हा पायच भाजतील. पोटमाळा भरेल एवढी बॅग नेऊ नका, खायचे पदार्थ आणि ट्रायपॉड आत सोडत नाहीत. मुख्य मकबऱ्यात जायचं जादा तिकीट वेगळं असतं, ते काढा, एवढं लांब जाऊन तिथे कंजूषी नको.

मोठ्या दरवाज्यात शिरताना घाई करू नका. सगळे जण समोर ताज दिसला की मोबाईल काढून पुढे पळतात. तुम्ही दरवाज्याच्या अंधाऱ्या भागात मागे थांबा, कडेला, लोकांना जाऊ द्या. तिथून ताज कमानीच्या चौकटीत गच्च भरलेला दिसतो, खूप मोठा आणि खूप जवळ. आता एकेक पाऊल पुढे टाका. कमानीची चौकट मोठी होत जाते आणि ताज मागे मागे जातोय असं वाटतं, तुम्ही जवळ जाताय आणि तो लांब जातोय. मग चौकट संपते आणि एकदम बाग, पाणी, आकाश. दोन-तीनदा पुढेमागे करून बघा, लोक बघतील, बघू देत. दरवाज्यावर बाहेरच्या बाजूला कुराणातली जी सुरा म्हणजे अध्याय कोरलाय त्याचा शेवट "माझ्या स्वर्गात प्रवेश कर" असा आहे, म्हणजे ते पुढे जाणं नुसतं दृष्टीचा खेळ म्हणून योजलेलं नाही.

बागेत चालताना हे बघा की मकबरा बागेच्या मधोमध नाही. हुमायूनचा होता. इथे तो टोकाला नेऊन नदीच्या कडेवर ठेवलाय, म्हणून घुमटामागे कुठलंही झाड, भिंत, गाव काहीच येत नाही, फक्त आकाश. सिकंदऱ्याच्या दरवाज्यावरचे मनोरे आठवा, ते आता चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर सुटे उभे आहेत, आणि किंचित बाहेर झुकलेले, पडले तर मकबऱ्यावर पडू नयेत म्हणून असं सांगतात, शिवाय अगदी ओळंब्यात उभे केले असते तर लांबून आत झुकल्यासारखे वाटले असते. हुमायूनचा दुहेरी घुमट इथे आहेच, पण त्याची मान उंच झालीये. बघा, आता तुम्हाला कुणी सांगायला लागत नाही.

कमानीभोवतीची काळी अक्षरं खालून वरपर्यंत एकसारखी दिसतात. ती एकसारखी नाहीत, वर जाताना मोठी केलीत, म्हणजे खालून बघणाऱ्याला सारखी वाटावीत. आत अमानत खानने आपलं नाव आणि साल घालून सही केलीये, इसवी सनाप्रमाणे 1638-39. वास्तुकार म्हणून ज्याचं नाव घेतात त्या उस्ताद अहमद लाहोरीची मात्र इमारतीवर कुठेही सही नाही.

आत गेलात की कबरीभोवतीच्या संगमरवरी जाळीच्या फुलांकडे बघा. एकदा मी आणि एक विद्यार्थी तळहातापेक्षा लहान अशा एका फुलातले दगडाचे तुकडे मोजत होतो, तीस ओलांडल्यावर मागून ढकलाढकली सुरू झाली आणि हिशोब चुकला. पाकळीच्या लाल रंगातसुद्धा एकच दगड नाही, कडेला गडद आणि आत फिका, चित्रकार रंग पातळ करत नेतो तसा दगड निवडत नेलाय. कधीकधी तिथले लोक लाल दगडावर टॉर्च धरून दाखवतात, निखाऱ्यासारखा पेटतो. आणि मग एवढ्या काटेकोर जुळवणीत एक गोष्ट बाजूला पडलेली दिसते, मुमताजची कबर अगदी मधोमध आणि शहाजहानची तिच्या शेजारी, पश्चिमेला, आकाराने मोठी. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. मुमताज 1631 मध्ये गेली ती बुऱ्हाणपूरला, आपल्या जळगाव-भुसावळच्या वरच, आणि पहिल्यांदा तिला तापीच्या पलीकडे पुरलं होतं, मग आग्र्याला आणलं.

गाईड घ्या, पण ओळखपत्र बघून, आणि त्याला सुरुवातीलाच सांगा की कारागिरांचे हात तोडल्याची गोष्ट नको. तिला काहीही पुरावा नाही, आणि थोडा विचार केला तरी कळतं, 1639 मध्ये म्हणजे इकडे काम चालू असतानाच शहाजहानने दिल्लीत लाल किल्ला आणि अख्खं नवीन शहर काढलं, हात तोडून ते कुणाकडून बांधून घेतलं असतं? त्यापेक्षा विचारा कारंज्यांना पाणी कसं यायचं. नदीचं पाणी बैलांनी वर उपसून उंच टाक्यांत चढवायचे आणि कारंज्यांच्या खाली तांब्याची भांडी होती, ती आधी भरायची, म्हणून शेवटच्या कारंज्यालाही पहिल्याइतकाच जोर. चांगला गाईड असेल तर त्याचे डोळे चमकतील, नाहीतर तो तुम्हाला संगमरवराच्या दुकानात नेईल.

त्याच दिवशी दुपारी आग्र्याचा किल्ला. तुमच्या "सगळं सारखंच" ला तिथे शंभर पावलांत उत्तर मिळतं. जहांगिरी महाल म्हणतात तो अकबराच्या काळचा: लाल दगड, खांब, तुळया, हस्त, सिक्रीच पुन्हा. तिथून चालत खास महालात या, शहाजहानचा: पांढरा संगमरवर, बंगाली झोपडीसारखी वाकवलेली छपरं, आणि कमानींना पाकळ्या. अकबराची कमान साधी, वर टोक असलेली. शहाजहानची पाकळ्यांची. ही पाकळ्यांची कमान मग राजपूत महालात गेली, पेशव्यांच्या दिवाणखान्यात आली आणि शेवटी आपल्या देवघरात. आता महिरप आठवा म्हटलं होतं ते याच्यासाठी.

दिल्लीच्या लाल किल्ल्याला पाचव्या दिवशी वेळ मिळाला तर जा, पण मन तयार ठेवा, 1857 नंतर इंग्रजांनी आतलं बरंचसं पाडून बराकी बांधल्या, त्यामुळे उरलेले महाल दात पडलेल्या तोंडासारखे सुटे सुटे उभे आहेत. रंगमहालातला कमळाचा हौद आणि महालांमधून जाणारा पाण्याचा पाट तेवढा नक्की बघा, पाणी नसलं तरी.

परत आल्यावर एखाद्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा बघून टाका, लहानपणी बघितलाय म्हणू नका, आता वेगळा दिसेल. दरवाज्यावरच्या लेखात वास्तुकाराचं नाव आहे अताउल्ला, तो त्याच उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, साल साधारण 1660-61. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे झाला असं एका जुन्या तवारिखेत आहे, सात आणेसुद्धा लिहून ठेवलेत. त्याला सगळे गरिबांचा ताज म्हणून हिणवतात, प्रमाणं बिघडलीत हे खरंच आहे, मनोऱ्यांच्या मधे मकबरा दाबल्यासारखा वाटतो. पण जवळ जाऊन भिंतीवर तो सांधा शोधा जिथे संगमरवर संपतो आणि त्याच्यावर नुसता दगड आणि चुन्याचा गिलावा सुरू होतो. त्या गिलाव्यावर जी फुलं-वेलींची उठावाची नक्षी आहे ना, ती एक चुनेवाला म्हणून मला ताजच्या पच्चीकारीइतकीच अवघड वाटते. दगड चुकला तर दुसरा घेता येतो, चुना ओला असेपर्यंतच तुमचा.

मुलासाठी एक राहिलं. ताजच्या पूर्वेला मशिदीसारखीच दिसणारी दुसरी इमारत आहे, मशिदीला जोड म्हणून बांधलेली. तिच्या समोरच्या फरशीत घुमटावरच्या कळसाची आकृती काळ्या दगडात बसवलीये, खऱ्या मापाची. वर मान करून बघितलं तर कळस हाताएवढा दिसतो. मुलाला आधी तो वर दाखवून विचारा किती उंच असेल, मग इथे आणा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजायला लावा.